हसरी खोली

ब्रश माइकसारखा तोंडापुढे धरून फटाकडीने सुपरवायझरची नक्कल केली आणि अख्खी खोली खिदळली. चपलांना सोल चिकटवायची ही खोली कारखान्यात ‘हसरी खोली’ म्हणून प्रसिद्ध होती. शिलाईतल्या बायका इकडे बदली मागत. चिकटवायच्या सोल्युशनचे डबे उघडले की तासाभरात कुणालाही हसू फुटायचं, त्यात फटाकडी म्हणजे आगीत तेल. घरी नवरा तिच्या विनोदांवर हूं की चूं करत नसे. इथे मात्र चौदा बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत आणि तिला आभाळ ठेंगणं होई.

आज तर तिला उधाण आलं होतं. तपासणीच्या बाईंनी खिडकीत आतली हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवायला लावला होता. या वासाने नशा चढते, हातापायांच्या नसा मरतात, असं त्या म्हणाल्या तेव्हा बायका त्यावरही हसल्या होत्या. सकाळी वायरमनने बटण दाबलं आणि टाळ्या पडल्या. पंख्याच्या स्वागताला दुपारी आपला गाजलेला खेळ करायचाच, असं फटाकडीने ठरवून टाकलं.

खेळ खरा घडलेला होता. तिच्या थोरल्या जाऊबाई याच खोलीत आठ वर्षं होत्या. गेल्या आठवड्यात त्यांची एक चप्पल बाकाखालीच राहिली आणि त्या तशाच फाटकापर्यंत गेल्या. पत्ताच नाही! चपलांच्या कारखान्यात! दुसऱ्या दिवशी नक्कल झाली तेव्हा हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. जाऊबाईंचीसुद्धा.

जेवणाची सुट्टी संपली. फटाकडीने एक चप्पल काढली आणि मान उंच करून ऐटीत दारापर्यंत चालत गेली.

कुणी हसलं नाही.

तिला वाटलं, पंख्याची घरघर नडली. ती परत चालली, जास्तच ठुमकत.

“आज नाही बाई जमलं,” कुणीतरी म्हणालं. “बंद करा तो पंखा. मजाच गेली.”

फटाकडीचं तोंड एवढंसं झालं. खाली बघत ती आपली चप्पल शोधू लागली, तर बाकाखाली तिला जाऊबाईंचा पाय दिसला. चप्पल आजही सुटून पडली होती.

“जाऊबाई, चप्पल?”

“काय झालं चपलेला? पायात तर आहे.”

एक हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

“हात लावू नकोस त्याला!” फटाकडी ओरडली. हा आवाज कुणाच्याच नकलेतला नव्हता. ती खाली बसली आणि जाऊबाईंच्या पायाचा अंगठा तिने चिमटीत धरला.

“दाबते हं. दुखलं की सांगा.”

“दाब की.”

तिने सगळा जोर लावला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

जाऊबाई दुसऱ्या सोलला ब्रश लावत होत्या.

“अगं, दाब ना,” त्या म्हणाल्या.

“दाबतेय, जाऊबाई.”