जेवणाची सुट्टी

दुरुस्त करून दिलेलं ट्रॅक्टरच्या इंजिनचं हेड महिन्याभरात गॅरेजात परत आलं आणि मिस्त्रींचा पारा चढला. हेडातले व्हॉल्व्ह ज्या नळ्यांतून वरखाली सरकतात ते गाईड झिजले की ऑइल आत गळतं, इंजिन धूर ओकतं. गाईड तर नवे टाकले होते, तरी इंजिन धूर ओकतच होतं.

"मालच भिकार! नळ्या विकतात की चाळण्या?" मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते. त्यांच्या मेहुण्याला सगळे पोपट म्हणत, इतकी त्याची अखंड टकळी. आज मात्र तो मूग गिळून बसला होता.

मिस्त्रींनी दुसऱ्या दुकानातून गाईड आणला, हेडात ठोकला, आतून रीमर फिरवून भोक मापाला आणलं आणि व्हॉल्व्ह घालून हलवला. तो खुळखुळला. इंजिन अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं, मग नळी झिजणार कशी? त्यांनी रीमर पुन्हा उचलला. त्याचं टोक गाईडच्या काठावर थरथर वाजू लागलं. मूठ आवळली तशी थरथर वाढली. हात त्यांचाच होता.

पण याच हातांनी वर्षभर हेडं केली. त्यातलं दुसरं एकही परत कसं आलं नाही?

"हे हेड केलं तेव्हा तू कुठे होतास रे?"

"तापाने पडलो होतो, भाऊजी."

"आणि एरवी?"

पोपट स्वच्छच असलेले हात चिंधीला पुसत राहिला. "एरवी तुम्ही दुपारी जेवायला घरी जाता ना. तेवढ्यात तुमचे गाईड काढून मी दुसरे बसवायचो. ताईला ठाऊक आहे."

जेवण झाल्यावर बायको रोज म्हणायची, "जरा आडवे व्हा, कुठे पळताय?" या वयात हिला माया फुटलीय, असं मिस्त्री मनातल्या मनात सुखावून म्हणत आणि पडून राहत. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवायचं तरी कुणावर?

अजून सकाळचे अकराही वाजले नव्हते. मिस्त्रींनी रीमर तेलाच्या फडक्याने पुसला, पोपटासमोर ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात, भाऊजी?"

"जेवायला," मिस्त्री म्हणाले. "तू घे करून."