कुजकी सुतळी

"अहो भावोजी, डोळे आहेत का भोकं?" शेजारच्या काकू बांधावरून ओरडत होत्या. "माझी टोमॅटोची रोपं बघा! पोटच्या पोरासारखी जपली होती. तुम्ही तिकडं घोरत पडलात आणि पाटाचं सगळं पाणी इकडं!"

रोपांचा खोलगट वाफा तुडुंब भरला होता. कोवळी रोपं चिखलात आडवी पडली होती. काका खाली मान घालून उभे होते. सगळा गाव त्यांना झोपाळू म्हणायचा, त्यामुळं दुसरं काही कुणी विचारलंच नाही.

त्यांच्या मागं त्यांची पुतणी उभी होती. तिला घरीदारी खटपटी म्हणत. मोडक्या सायकली, गळके डबे, हाताला लागेल त्यातून ही पोर काहीतरी उभं करायची. काकांना उन्हात ताटकळायला नको म्हणून पाण्याची युक्ती तिनंच केली होती. शेताच्या टोकाला रिकामा डबा ठेवलेला. पाणी तिथवर आलं की डबा तरंगून वर यायचा, त्याला बांधलेली दोरी खुंटी ओढायची आणि पाटावर टेकवलेली फळी धाडकन खाली पडायची. पाणी आपोआप बंद. लोक मुद्दाम बघायला आले होते. मास्तरांनी पाठ थोपटली होती. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

आदल्या दिवशी तिनं मैत्रिणींना दाखवायला पंख हलवणारं पाखरू केलं. त्याला चांगली दोरी हवी, म्हणून डब्याचीच सोडून नेली आणि तिथं गोठ्यातली कुजकी सुतळी बांधली. 'एक दिवस निघेल,' असं मनाशी म्हणाली होती. सुतळी तुटली, फळी पडलीच नाही.

हे आता सांगायला हवं होतं. शब्द गळ्यापर्यंत आले. पण काकूंचा अवतार बघून तिनं ते गिळले.

घरी आईनंही काकांना वाढता वाढता सुनावलं. "पोरीनं एवढं डोकं चालवलं भावोजी, तुमच्यानं नुसतं लक्ष ठेवणं होत नाही?"

"डोळा लागला, वहिनी," काका म्हणाले आणि गुमान जेवू लागले.

खटपटीला घास उतरेना. ती ताटावरून उठली, कोपऱ्यातली रबरी नळी खांद्यावर टाकली आणि पळत काकूंच्या शेतात गेली.

"काकू, काकांची चूक नाही. दोरी मी बदलली होती. कुजकी बांधली."

काकू वाफ्याशी बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "मग मघाशी तोंडाला कुलूप लागलं होतं? त्या माणसाला मी नाही नाही ते बोलले गं! चार लोकांदेखत बोलले!"

खटपटी वाफ्याशी वाकली. बांध फोडला असता तर पाण्याबरोबर रोपंही वाहून गेली असती. तिनं नळीचं एक टोक वाफ्यात बुडवलं, दुसरं बांधावरून पलीकडच्या खोल चरात नेलं आणि तोंड लावून जोरात ओढलं. गढूळ पाणी घशात गेलं. ती खोकली, थुंकली, पुन्हा ओढलं. मग पाण्याची धार लागली ती थांबेना. वाफा हळूहळू ओसरू लागला.

तेवढ्यात काका आले. चिखलात बसून एकेक रोप उभं करू लागले. काकू पलीकडून सरकत आल्या आणि त्याही रोपं सावरू लागल्या.

"काका, मी सांगितलं त्यांना," खटपटी हळूच म्हणाली. "सुतळी कुजकी होती."

"माहीत आहे. तुटलेला तुकडा मीच उचलून टाकला."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं नाव काय, आधीच झोपाळू." काकांनी रोपाच्या बुडाशी माती दाबली. "तुझं आत्ता कुठं होत होतं."

अर्ध्याहून जास्त रोपं वाचली. काकू म्हणाल्याही, "चल, पुरे आता, घरी जा." पण खटपटी उठली नाही. काकांनी एक सणसणीत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. त्यांच्याकडं मान वर करून बघणं काही तिला जमलं नाही.