केंटची उरलेली मूठ

पेनिफोल्डांच्या तीन पिढ्या पोर्तुगालात बुचांचा कारखाना चालवून गब्बर झाल्या, पण त्यांचं एकही मूल पोर्तुगालच्या मातीवर जन्मलं नाही. निदान घरातल्या थोरल्या सूनबाई, ऑगस्टाबाई, तसं मानत. मूळ पुरुषाने इंग्लंडातल्या केंटहून येताना पत्र्याच्या पेटीत गावची माती आणली होती. बाळंतिणीच्या खाटेखाली ती ठेवली, की पोर घरच्या मातीवर जन्मलं. आणि घरातलं कुणी गेलं, की त्यातली एक मूठ कबरीत. जन्मणाऱ्यांनी काही नेलं नाही, जाणाऱ्यांनी मात्र पेटी रिकामी करत आणली. सासू, सासरे, तापाने गेलेली त्यांची लहानगी मेबल, गेल्या वर्षी नवरा. तळाशी उरलेली मूठ आपली, हे ऑगस्टाबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. लग्न होऊन केंटहून आल्यापासून त्या परत गेल्या नव्हत्या. शेवटी माती तरी घरची मिळावी, एवढीच त्यांची आस होती.

पोर्तुगालचा राजा देश सोडून पळाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सून लिओनोरचे दिवस भरत आले. ती जवळच्याच एश्त्रेमोश गावची, पोर्तुगीज माणसांतली. तिची आई फिलोमेना कोंबड्या, लसूण आणि स्वतःची खुर्ची घेऊन आधीच येऊन बसली.

"खाटेखाली हे काय हो, विहीणबाई?"

"आमच्याकडची माती."

"का, आमची कमी पडली? बुचं तर आमच्याच मातीतली चालतात तुम्हाला."

ऑगस्टाबाईंनी पेटी आणखी आत सरकवली. त्या बाईची जीभ त्यांना आवडायची, पण ते कबूल करायचं नव्हतं.

मुलगा झाला. चार-सहा दिवसांनी नाळ गळून पडली आणि मायलेकींची धांदल उडाली. तिथल्या समजुतीप्रमाणे नाळ उंदराने खाल्ली, तर पोर चोर निघतं. घराला लागूनच बुचांची वखार, म्हणजे उंदरांना काय तोटा!

"कारखानदाराच्या पोराला चोर व्हायला उंदीर कशाला हवा?" ऑगस्टाबाई म्हणाल्या. "तुमचेच लोक म्हणतात ना असं?"

फिलोमेना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

दुसऱ्या दिवशी ऑगस्टाबाईंनी विचारलं, "नाळेचं काय केलंत?"

"तुमच्या पेटीत पुरली. अख्ख्या घरात उंदीर शिरणार नाही अशी तेवढीच जागा."

ऑगस्टाबाईंनी खाटेखालून पेटी ओढून काढली. "ती माती माझी होती," त्या म्हणाल्या. "माझ्या कबरीसाठी ठेवलेली." आजवर हे त्या कुणाकडे बोलल्या नव्हत्या.

फिलोमेनाचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक, बाई! आमच्यात नाळ ज्या मातीत गेली, ती माती पोराची. मग नाळ त्या मातीसकट झाडाखाली पुरायची. पण थांबा, काढते मी." तिने बाह्या सरसावल्या.

 लिओनोरने बाळाला निमूटपणे आणखी जवळ घेतलं. परक्यांची पेटी खाटेखाली ठेवतानाही ती अशीच गप्प राहिली होती, हे ऑगस्टाबाईंना आठवलं आणि लाज वाटली.

"राहू दे आजच्या दिवस," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या टेकडीवरच्या दफनभूमीत गेल्या. केंट आठवून पाहिलं. एक पांढरं फाटक आठवलं, पुढे काही येईना. मेबल मात्र लख्ख आठवली. पेटीतली मूठ तिच्यावर टाकली, तेव्हा ती मूठ किती थोडी दिसली होती! बाकीचा सगळा खड्डा इथल्याच मातीने भरला होता. आपली पोर इतकी वर्षं इथल्या मातीच्याच पांघरुणात निजली आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या तिथे बसून मनसोक्त रडल्या.

सकाळी त्यांनी मुलाला, ह्यूबर्टला, कुदळ घ्यायला लावली. टेकडीच्या उतारावर, ज्याच्या सालीची बुचं होतात त्या ओकाचं रोप लावलं आणि ऑगस्टाबाईंनी नाळेसकट पेटी त्याच्या मुळाशी उपडी केली. कोपऱ्यांतली मातीसुद्धा बोटांनी झाडून काढली.

"द्राक्षवेल आपण लावलेला, ऑलिव्ह बापाने, बुचाचा ओक आजोबाने," फिलोमेना म्हणाली. "याची साल विकायला आपल्या बाळाचे नातू येतील." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "आणि तुमच्या वेळी हो?"

"तुम्हीच टाका एक मूठ. इथली. मेबलच्या बाजूची."

 फिलोमेनाने विहिणीचा मातीने भरलेला हात धरला आणि दोघी सावकाश टेकडी उतरू लागल्या.