वकिलांची टिकटिक

माणसाचं हृदय ही त्याची सर्वांत खाजगी मालमत्ता असते. गोवर्धन वकिलांची ही मालमत्ता मात्र अमरावतीला ऑपरेशन होऊन कृत्रिम झडप बसल्यापासून सार्वजनिक झाली. झडप टिकटिक वाजायची. अकोल्याच्या घरी पहिल्याच रात्री अनुपमाबाई म्हणाल्या, "घड्याळ असतं तर सेल काढून ठेवला असता."

वकिलांची चिंता वेगळी होती. दर रविवारी उत्तमरावांच्या बैठकीत सतरंजीवर चिंचोके लावून तीन पत्ती चाले. हरणाऱ्यानं सगळ्यांना आलूबोंडे चारायचे. उभी हयात कोर्टात चेहऱ्यावरची रेष न हलवता बोललेल्या वकिलांनी आजवर आलूबोंडे फक्त खाल्ले होते.

छातीचं हाड जुळेपर्यंत जमिनीवर बसायला डॉक्टरांची मनाई होती. उत्तमरावांनी स्वतः उठून अलमारीपुढं खुर्ची मांडली. "वकीलसाहेब, तुमी वर बसा. आमी पायाशी बसतो."

पहिल्याच डावात वकिलांना तीन एक्के आले. त्यांनी चेहरा तेरवीला आल्यासारखा केला. सगळ्यांनी मुकाट पत्ते टाकून दिले. पुढं हाती निव्वळ कचरा असताना त्यांनी ऐटीत चाल केली, तर चंद्रभान मास्तर हात धुऊन मागं लागले.

"काहून रे, तुमाले समजते कसं?"

"तुमचं मशीनच सांगून राहिलं ना!" उत्तमराव म्हणाले. "पत्ते चांगले आले का टिकटिक धावते."

आलूबोंडे वकिलांनी आणले. त्यांना स्वतःला तळलेलं मना असल्यानं त्यांनी वास घेतला.

हृदयरोग्यांच्या ज्या व्यायामवर्गाला ते बहाणे सांगून टाळत होते, तिथं सोमवारी ते सगळ्यांच्या आधी हजर.

"दीपमाला मॅडम, आनंद झाला तरी ठोके वाढू नयेत, असा व्यायाम आहे का?"

"काका, लोक इथं जिना चढताना दम लागू नये म्हणून येतात."

"तेही होईल. आधी हे पाहा."

पट्ट्यावर चालणं, सायकल, लांब श्वास सोडणं, वकिलांनी काही सोडलं नाही. घरी अनुपमाबाईंनी एकाएकी तीन एक्के समोर धरायचे आणि वकिलांनी बोटाला यंत्र लावून ठोके बघायचे.

"माझ्याकडं पाहून कधी वाढले नाहीत," बाई म्हणाल्या, "एक्क्यांनी वाढतात."

तरी रविवारी हार ठरलेली. "टिकटिक कमी झाली बरं," उत्तमराव आलूबोंडा तोडत म्हणत, "पण येते अजून ऐकू."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी खाली बसायची परवानगी दिली. त्या रविवारी वकील थेट सतरंजीवर बसले.

"अहो, खुर्ची हाय ना!" उत्तमराव घाबरेघुबरे झाले. "तब्येतीले जपा!"

"आता ठणठणीत आहो. वाटा पत्ते."

तीन बादशहा आले. वकिलांनी लांब श्वास सोडला. उत्तमराव एकदा पत्त्यांकडं, एकदा खुर्चीकडं पाहत चाल करत राहिले आणि शेवटच्या चिंचोक्यापर्यंत लुटले गेले.

दुसऱ्या दिवशी व्यायामवर्गात वकिलांनी पेढे वाटले. नव्या पेशंटांपुढं, मनानं हृदय कसं जिंकता येतं, यावर त्यांनी सविस्तर भाषण केलं. दोघांनी डोळे पुसले. दीपमालानं तर दर महिन्याला येऊन बोलण्याची विनंती केली.

खुर्चीमागच्या अलमारीला आरसा होता.