बाथरूमच्या भिंतीवरचे रुपराव

बेसा नावाच्या वस्तीतल्या त्या इमारतीत चपलांची रांग तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरली होती. माणसं हातात नारळ घेऊन श्वेताच्या घरात शिरत आणि तिच्या बाथरूमला हात जोडून बाहेर पडत.

गीझरखालच्या भिंतीवर काळी आकृती उमटली होती. वाकलेला म्हातारा, हातात काठी. श्रावणात वीतभर होती, पितृपक्ष लागेपर्यंत छातीइतकी उंच झाली. ती पाहून सासूबाई इंदुताईंनी तोंडाला पदर लावला. "हे तर तुये सासरे हायेत वं, श्वेता!"

रुपरावांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि श्वेताच्या सात वर्षांच्या लेकीची, खुशीची छाती पंधरा दिवसांपासून झोपेत शिट्टीसारखी वाजत होती.

मग आले पितर उतरवणारे भैयाजी. भगवा दुपट्टा, अत्तराचा घमघमाट आणि जिभेला हाड नाही.

"म्हाताऱ्याचा जीव नातीत अडकला, माई. तिले न्यायलेच येऊन राहिला तो. डॉक्टरचा दम्याचा पंप आजपासून बंद, औषधानं पितर चवताळते. अन् हा झरोका पाहा, इथूनच त्याची ये-जा!"

झरोक्यावर लाल कापड ठोकलं गेलं. रोज पहाटे पितराच्या आंघोळीसाठी आत कढत पाण्याची बादली ठेवायची आणि दार घट्ट लावून घ्यायचं. अधूनमधून संध्याकाळी भैयाजी स्वतः तीर्थ शिंपडून भिंत पुसत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सावलीचा हात नाहीसा होई. गर्दी जयजयकार करी. चार दिवसांत तो हात परत येई, आधीपेक्षा काळा. "जिद्दी पितर आहे," भैयाजी म्हणत. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, आणि इथे तर बंबातही तेलच भरलेलं.

नवव्या दिवशी खुशीला एक वाक्य पुरं करता येईना. "आई... आजोबा... छातीवर... बसले." तिचे ओठ निळसर पडले होते. श्वेताने कपाटातून पंप काढला, तोच इंदुताईंनी तिचा हात धरला.

"नको वं! चिडतीन ते!"

धुणीभांडी करणारी रंभाबाई त्याच दिवशी गावाहून परतली होती. गर्दीतून वाट काढत ती बाथरूमपर्यंत गेली आणि नाकाला पदर लावून उभी राहिली.

"हे तीर्थ होय? हा वास माह्या हाताले रोज येते. धा घरचे संडास याच पाण्यानं धुतो मी. काळं जाते, पण ओल असली की पुन्हा येते."

"गंगाजल आहे ते!" भैयाजी गरजले.

"गंगेनं रंग जाते का, महाराज? आपला दुपट्टा पाहा न."

सगळ्यांनी पाहिलं. भगव्या काठावर पांढरे डाग पडले होते, अगदी रंभाबाईच्या लुगड्यावर होते तसेच.

श्वेताने हात सोडवून घेतला आणि पंप खुशीच्या तोंडाला लावला. मग झरोक्यावरचं कापड ओढलं. ते निथळत होतं, आणि आतल्या बाजूने काळंभोर झालं होतं. ती पोरीला उचलून दवाखान्याकडे धावली. ती जिना उतरली तेव्हा भैयाजींच्या चपला रांगेत नव्हत्या.

"भिंतीवर बुरशी आहे," श्वेताकडून सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. "तिची धूळ पोरीच्या छातीत जाते. वरून त्या तीर्थाची, म्हणजे ब्लीचची, वाफ. आणखी उशीर झाला असता, तर मला काही करता आलं नसतं."

प्लंबरने भिंत फोडली. काठी दिसत होती तिथेच आत नळ होता आणि त्याचा जोड पाझरत होता. नळ दुरुस्त झाला, भिंत सुकली, झरोका उघडा राहिला. सावली पुन्हा आली नाही.

सर्वपित्रीला इंदुताईंनी नेहमीसारखं गच्चीवर पान ठेवलं आणि तिथेच बसून रडल्या. "नातीले खांद्यावरून खाली उतरवत नव्हते वं ते. अन् मी त्याइलेच तिच्या जिवाचा वैरी ठरवलं."

तर बायाबापड्यांनो, तुमच्या भिंतीवर उद्या कुणी दिसलं, तर नारळ आणण्याआधी भिंतीला हात लावून पाहा. ओली असेल तर खिडकी उघडा, आणि लेकराचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.