लाल गोंडा आणि राहिलेली फेरी

मी एक जुना, लाल लोकरीचा गोंडा आहे, मित्रांनो. फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या एका लहानशा बागेत, लाकडी घोड्यांच्या चक्रावर मी दोरीने लटकतो. चक्र फिरू लागले की मुले हात उंचावतात. जो मला पकडेल त्याला पुढची फेरी फुकट! मुलांना वाटते, ही आपल्याच चपळाईची करामत. पण दोरीचे दुसरे टोक चक्राच्या मालकीण सोलांजबाईंच्या हातात असते. ज्याचे तोंड उतरलेले दिसेल, त्याच्यासमोर त्या मला अलगद खाली सोडतात.

त्यांचे वडील हे चक्र चालवत असताना मला त्यांच्या आईने बनवले. तेव्हा माझे काय कौतुक होते! आता उन्हापावसाने मी पार विटलो आहे. बाईंच्या जावयाने नायलॉनचा नवा गोंडाही आणून ठेवला आहे.

त्या वर्षी पानगळीत, दर बुधवारी शाळेला सुट्टी असली की अपोलीन नावाची एक लहान मुलगी आजोबांबरोबर यायची. राखाडी घोड्याच्या मानेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून बसायची. मी अगदी तिच्या नाकापुढे यायचो. ती आशेने पाहायची, पण भीतीने हात सुटायचा नाही. मग दुसरेच कोणीतरी मला ओढून न्यायचे. मला फार वाईट वाटे.

शेवटचा बुधवार आला. दुसऱ्या दिवशी तिचे बिऱ्हाड दूर लील शहरात हलणार होते.

"सोलांज, आज तरी दे गं पोरीला!" आजोबा म्हणाले. "तुझ्या बापाने मला जन्मात कधी दिला नाही."

"चेस्टनट फेकून मारायचास त्यांना, मग काय आरती ओवाळायची तुझी? आणि मी देतेच आहे रे, तिने घ्यायला नको?"

चक्र फिरले. संथ सूर वाजू लागले, चिनाराची पिवळी पाने घोड्यांवर उतरू लागली. सारी बागच झोपेत हळूहळू फिरते आहे, असे मला वाटले. मी खाली आलो.

"एकच हात सोड, बाळा! दुसऱ्याने घोड्याला धरून ठेव!" आजोबा ओरडले.

इवलीशी बोटे एकेक करून सुटली. पुढच्या क्षणी मी तिच्या उबदार, घामेजल्या मुठीत होतो. मला रडूच आले असते.

इतक्यात रखवालदाराची शिट्टी वाजली. बाग बंद व्हायची वेळ झाली होती. आता कसली फुकट फेरी!

"राहू दे तुझ्याजवळच," सोलांजबाई हळूच म्हणाल्या.

अपोलीनने थोडा विचार केला आणि मला त्यांच्या हातात ठेवले.

"नको. माझी फेरी राहिलीय. मी परत आले की घेईन. तोवर याला जपा हं."

नवा गोंडा अजून खोक्यातच आहे. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. तिच्याकडे कोणाचे काय राहिले असेल, कोण जाणे. माझ्याकडे एका मुलीची फेरी आहे. दर बुधवारी मी राखाडी घोड्याकडे पाहतो.