दुसऱ्यांदा सही

चष्म्याच्या काडीचा स्क्रू, तिळाएवढा. टेबलाच्या कडेवरून घरंगळला, फरशीवर एकदा बारीक वाजला आणि स्टुलाच्या पायाशी जाऊन थांबला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. वाकायचं म्हणजे... सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी वाकलं की ते वर येणार, आंबट, जळतं, घशातून थेट कानापर्यंत झिणझिण्या आणणारं. मग खोकला, मग डोळ्यांत पाणी, मग गिऱ्हाइकाचा दचकलेला चेहरा. तिने एका हाताने टेबल धरलं, पाठ ताठ ठेवली आणि गुडघ्यांत मुडपत लिफ्टसारखी सरळ खाली गेली. स्क्रू चिमटीत धरला. तशीच वर आली. चार वर्षांत कमावलेली विद्या.

"वय झालं की वाकणं जड जातं," समोर बसलेले आजोबा समजूतदारपणे म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. ती त्रेचाळीस वर्षांची होती.

साडेबाराला तिला निघायचं होतं. दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, असं तिने मालकांना सांगून ठेवलं होतं. मालकांनी काचेवर फुंकर मारता मारता मान वर केली. "बाई, तुम्हाला दात आहेत तरी किती? महिन्यात चौथा." ती हसली. खोटं बोलताना हसणं तिला चांगलं जमायचं. म्हणजे पूर्वी जमत नव्हतं, ते ऑपरेशननंतर आलं. वीस वर्षं या दुकानात डोळे तपासता तपासता तिला एक कळलं होतं – माणूस खोटं बोलताना बुबुळ हलत नाही, पापणी हलते. म्हणून ती पापण्या मिटून हसायची.

नऊ वर्षांपूर्वीचं ते ऑपरेशन साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. ताईनेच सांगितलं होतं सगळ्यांना, अभिमानाने. ताईनेच डॉक्टर शोधला, ताईनेच तारीख काढली, आणि नंतर आठ दिवस उशाशी बसून चमचे मोजून पाणी पाजलं. जठराचा बराचसा भाग काढून टाकला होता, उरली होती एक अरुंद नळी. दीड वर्षात चव्वेचाळीस किलो गेले. लोक रस्त्यात थांबवून कौतुक करायचे, आणि ज्यांनी जन्मात कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं ते दार उघडून धरायचे. तेव्हाही तिला वाटायचं, हे कुणासाठी दार धरताहेत? मी तर अजून मागेच आहे, येतेय...

आणि मग तिसऱ्या वर्षी, दुकानामागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांच्या आड उभं राहून खाल्लेलं ते आइस्क्रीम. भाकरीचा तुकडा अडकायचा, आइस्क्रीम मात्र अडकत नाही हा शोध तिचा तिनेच लावला. ते वितळतं, निसटतं, नळीतून गुपचूप खाली उतरतं. पहिल्यांदा एक कप. मग रोज एक. मग दोन कप, आणि रिकामे कप पिशवीत घालून दुसऱ्या गल्लीतल्या कचरापेटीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तिने तर पोट कापून घेऊन अवलक्षण केलं होतं. एकतीस किलो परत आले. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. भाचीच्या साखरपुड्यात ती ताट घेऊन बसली, आणि समोरून येणाऱ्या ताईने ताटाकडे पाहिलं आणि झटकन मान वळवली... तिच्या डोक्यातून ती वळवलेली मान गेली नव्हती. नंतर ताईचा फोन आला की ती आधी पापण्या मिटायची, मग उचलायची.

सर्जन बाईंच्या खोलीत एकच खिडकी होती, आणि तिच्यात पालवी फुटलेली एक कुंडी. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. जवळचा नंबर लागलाय यांना, तिच्या मनात आलं, सांगायला हवं. महिन्याभरापूर्वी, पहिल्या भेटीत, याच बाईंनी विचारलं होतं, "काय खाता?" आणि तिने, का कोण जाणे, खरं सांगितलं होतं. आइस्क्रीम, खोकी, दुसऱ्या गल्लीतली कचरापेटी, सगळं. बाईंनी ते उतरवून घेतलं, एखाद्याचा पत्ता उतरवून घ्यावा तसं. "किती वेळा?" "रोज." "बरं." त्या 'बरं'वर ती घरी जाऊन अर्धा तास रडली होती.

आज पडद्यावर तिचीच चित्रं होती. ते पांढरं घट्ट औषध पिऊन काढलेली. बाईंनी पेन टेकवलं. "हा छाती आणि पोटाच्या मधला पडदा. इथली फट मोठी झालीय. तुमच्या जठराचं वरचं टोक तिच्यातून छातीत सरकलंय, म्हणून आम्ल वर येतं. आणि खाली ही नळी, ही रुंद झालीय."

"म्हणजे... मी खाल्लं म्हणून नाही?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "खाल्लंत म्हणूनही. माझ्याकडून खोटी समजूत घालून घेऊ नका. पण फक्त म्हणून नाही. जळजळ शमवायला माणूस थंड, मऊ, गोड शोधतो. तुम्ही पहिल्या नाही, शेवटच्याही नाही."

मग त्यांनी तीन वाटा सांगितल्या. नळी पुन्हा अरुंद करणं – पण त्याने आम्लाचा त्रास वाढेल, मी सुचवणार नाही. बायपास – जठराची वर एक छोटी पिशवी ठेवून आतडं तिला जोडायचं, फट शिवायची. आणि तिसरी, काहीच न करणं, औषधांवर राहणं. "तोही निर्णयच आहे. त्याला कुणी नावं ठेवणार नाही." दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं, आतले पदर एकमेकांना चिकटलेले असतात. जोड क्वचित गळतो. वजन उतरेल, पण पहिल्यासारखं धडाधड नाही. गोळ्या जन्मभर. बाई सांगत होत्या आणि तिला जाणवत होतं की यातल्या एकाही वाक्याला साखर लावलेली नाही, आणि त्यामुळेच ते सगळं गिळता येतंय.

"काय वाटतं तुम्हाला?"

दिवसातून तीस वेळा ती लोकांना विचारायची – ही काच बरी की ही? आणि भली भली माणसं घाबरून जायची, चुकलो तर, म्हणून. ती सांगायची, यात चूक-बरोबर नसतं हो, दिसतं काय तेवढं सांगा. आता ती स्वतः त्या खुर्चीवर होती. काय दिसत होतं? आरसा नाही दिसला. जुने कपडे नाहीत, दार धरून उभे असलेले लोक नाहीत. दिसला एक पलंग. त्याची भिंतीकडची बाजू, जिथे चार वर्षांत कुणी झोपलं नव्हतं, कारण ती बाहेर आरामखुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढत होती आणि नवरा आत एकटा, तरीही आपल्याच अर्ध्यात अंग चोरून...

"मला आडवं झोपायचंय," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं. "बाकी होईल ते होईल. मला सपाट, उशी न रचता झोपायचंय."

बाईंनी मान डोलावली, कागद पुढे सरकवला. "मग बायपास. आज घाई नाही, घरी नेऊन वाचा."

तिने तिथेच वाचला, सगळा, बारीक अक्षरांसकट. गेल्या वेळी ताईने बोट ठेवलं होतं आणि तिने डोळे झाकून सही ठोकली होती. या वेळी सहीचं शेवटचं वळण तिने सावकाश काढलं. आहारतज्ज्ञ मुलीने वेळापत्रक दिलं. दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, म्हणजे यकृतावरची चरबी उतरेल आणि ऑपरेशनच्या वेळी ते अलगद बाजूला करता येईल. रोज अर्धा तास चालणं. शिवाय फुप्फुसांसाठी तीन चेंडूंची प्लास्टिकची नळी, श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. ती बाहेर बाकावर बसली आणि तिथेच करून पाहिलं. एक चेंडू उठला. दुसरा थरथरला. शेजारची बाई कौतुकाने बघत होती.

चुकीचा नंबर वर्षानुवर्षं लावून फिरणारी माणसं तिला ठाऊक होती. डोकं दुखतं ते आपल्या स्वभावामुळेच, अशी त्यांची खात्री पटलेली असते. बरोबर काच लावली की ती हसत नाहीत, उड्या मारत नाहीत. नुसती गप्प होतात, खांदे खाली येतात. तिचे खांदे खाली आले होते.

दुकानात परतल्यावर तिने पर्स ठेवली आणि म्हणाली, "दात नव्हे, पोट. पुन्हा ऑपरेशन आहे. त्यानंतर तीन आठवडे येणार नाही."

मालकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला वाटलंच. तिसऱ्या दातानंतर मी मोजणं सोडलं." मग आत जाता जाता, पाठमोरेच, "येताना सावकाश या. तोवर तुमचं टेबल जरा उंच करून घेतो."

संध्याकाळी नवरा भाज्यांचं सूप गाळत होता, फार गंभीरपणे, जणू प्रयोगशाळेत. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि पापण्या न मिटता ताईला फोन लावला. सगळं सांगितलं, आइस्क्रीमसुद्धा.

"ताई?"

"आहे." ताईचा आवाज बसला होता. "पुन्हा टेबलावर चढणार तू."

"हो."

"पहिल्या वेळी मीच ढकललं गं तुला. तुला नको होतं, मला दिसत होतं. नंतर तुला घास लागायचा, ठसके यायचे... साखरपुड्यात तू घाबरत घाबरत खात होतीस. मला बघवेना. वाटलं, हे मी केलं."

ती खिडकीच्या गजाला धरून राहिली. इतकी वर्षं. एका वळवलेल्या मानेचा तिने एक अर्थ लावला होता आणि त्याच्या चौकटीत स्वतःला बसवून टाकलं होतं. तिकडे ताई त्याच मानेचं ओझं वेगळ्याच खांद्यावर वाहत होती...

"तू ढकललंस," ती हळूच म्हणाली, "पण सही माझी होती. आजचीही माझीच आहे."

ताईने नाक ओढलं. "मी येऊ का?"

"ये. पण चमचे मोजायचे नाहीत."

"मग तिथे येऊन मी करू काय?"

"बस नुसती. गप्पा मार."

"ते काय, मला मोजण्यापेक्षा सोपं," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसताना आंबट पाणी वर आलंच, ती खोकली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

नवऱ्याने कप हातात दिला. कोमट, पातळ, मिठाचं नाव नसलेलं सूप. ती पलंगाच्या कडेवर बसून घोट घोट पीत राहिली. चौदा दिवस. मग ती खोली, तो दिवा, तो मुखवटा. जोड गळला तर? आणि नाही गळला, सगळं नीट झालं, तरी पाच वर्षांनी पुन्हा एखादी मागची खोली, पुन्हा एखादा वितळणारा कप... कोण सांगू शकतं? बाईंनीही सांगितलं नव्हतं.

"काय झालं?" त्याने विचारलं. तो शेजारी येऊन बसला होता.

गेल्या वेळी हाच प्रश्न जगाने विचारला होता आणि तिने हसून सांगितलं होतं, छे, काही नाही.

"भीती वाटतेय," ती म्हणाली.

 तो म्हणाला, "मलाही."

तेवढंच. तो कप घ्यायला हात पुढे करून बसला होता, तिला अजून दोन घोट प्यायचे होते. भीती होती, चांगली मोठी होती, पण या वेळी ती एकटीच आली होती. नेहमी तिचं बोट धरून येणारी ती दुसरी, लाज, जिच्यामुळे मान वर करवत नसे, ती कुठे मागे राहिली होती कोण जाणे. तिने दाराकडे पाहिलं, सवयीने. ती येईलही कदाचित. आज तरी आली नव्हती.